अण्णांना न सांगितलेलं वाक्य

आमच्या सासूबाईंचं ठाम मत आहे, की मी गेली बावीस वर्षं लोकांच्या पैशानं जग फिरते आणि वर पगारही घेते. भिशीतल्या बायकांना त्या माझी ओळख करून देतात ती अशी : "ही आमची सून. सारखी सहलीला असते." लग्नात पंगतीला वाढणारा माणूस लग्नाला गेलेला नसतो, तसा सहलीचा व्यवस्थापक सहलीला गेलेला नसतो, हे मी त्यांना बऱ्याचदा समजावलं. आता नाद सोडला.

बाहेरच्यांना वाटतं हे काम इतिहास-भूगोल सांगण्याचं आहे. छे. पहिलं काम मोजण्याचं. बसमध्ये चढताना मोजायचं, उतरल्यावर मोजायचं, स्वच्छतागृहाच्या दारात उभं राहून मोजायचं. दुसरं काम समजूत काढण्याचं : खोलीला समुद्र दिसत नाही, दिसतो पण वाकून बघावा लागतो, शेजारच्यांना मोठी खिडकी का. आणि तिसरं काम म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवणं. पहिल्या दोन कामांत मी सामान्य आहे. तिसऱ्यात मात्र मी स्वतःला फार हुशार समजत होते. ती हुशारी जिथं उतरली, त्या सहलीबद्दल लिहिते.

आमची कंपनी सांगलीतली, विश्रामबागेतली, दोन खोल्यांची. मालकांनी एका वर्षी द्राक्ष बागायतदारांसाठी अभ्यास सहल काढली. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया म्हणून प्रांत आहे. समुद्र थेट आत घुसलेला, सतत पावसाळी हवा, आणि समुद्रालगत द्राक्षबागा. तिथली द्राक्षं खायची नसतात, सगळी वाइनला जातात. बारा दिवस, एकच बस, सव्वीस माणसं.

त्या सव्वीसांत तासगावजवळच्या एका गावातले अण्णा होते. जैन घर, वय सत्तरीच्या पुढचं, द्राक्षबाग तीन पिढ्यांची. दारूचा थेंब सोडाच, वास आला तरी माणूस रस्ता ओलांडायचा. अशा माणसाला वाइनच्या गावी कोण पाठवतं? तर त्यांचा मुलगा, संदेश.

निघायच्या दिवशी संदेशनं मला बाजूला घेतलं. "ताई, एक वाइनवाले माल घ्यायला तयार आहेत. चार एकरांतली जुनी बाग काढून त्यांच्या जातीची लावायची. विरळणी नाही, मणी फुगवायला औषधात घड बुडवणं नाही, मजुरांच्या मागं धावणं नाही. मी सगळं जमवलंय. फक्त अण्णा हो म्हणत नाहीत. म्हणतात, माणसाच्या पोटात दारू घालायचा धंदा आपल्यात करत नाहीत. त्यांच्या शब्दाशिवाय मी कुदळ लावणार नाही. तुम्ही तिकडं त्यांना चांगली घरं दाखवा. चांगली माणसं हा धंदा करतात हे त्यांना दिसू दे."

मी म्हटलं, "काळजी करू नकोस, मी बघते."

'मी बघते' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघतात तेव्हा आमचे हे पेपर खाली ठेवतात आणि माझ्याकडे दयेनं पाहतात.

सहलीचे पहिले पाच दिवस माझे अण्णांच्या नव्हे, काकींच्या पायी गेले. काकी म्हणजे अण्णांच्या पत्नी. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. मी तयारीनं गेले होते. जूनमध्ये तिथं सूर्य रात्री दहानंतर मावळतो, म्हणजे उलट सोयच, असं मी समजून चालले. पण काकींनी मनगटावरचं घड्याळ सांगलीच्या वेळेवरच ठेवलेलं. स्पेन आपल्या साडेतीन तास मागे. त्यामुळे दुपारी साडेतीन वाजले, की काकींच्या हिशेबी सांगलीत दिवेलागण झालेली आणि त्यांचं जेवण राहिलेलं. तिथले लोक दुपारचं जेवायलाच अडीचला बसतात. म्हणजे आमच्या काकी दुपारचं आणि रात्रीचं जेवण तासाभराच्या अंतरानं मागायच्या.

"काकी, बाहेर बघा ना, ऊन डोक्यावर आहे!"

"ह्यांचं ऊन मला काय करायचंय? माझा नेम सांगलीत घेतलेला हाय."

"आवं काकी," मागच्या सीटवरून हणमंततात्या म्हणायचे, "मग सूर्य सांगलीचा धरताय आन् भूक हितली धरताय, ह्यो कुठला न्याय?"

तात्या माण तालुक्यातले. घरी मेंढरं, मुंबईत बंदरावर तीस वर्षं नोकरी. द्राक्षाचा एक वेल त्यांच्या दारात नाही. जावई बागायतदार, त्याच्या जागेवर हे आले होते. शेवटी संदेशला फोन लावला, त्यानं गावातल्या देवळात एका जाणत्यांना विचारलं, निरोप आला : जिथं देह तिथला सूर्य. काकींनी काटे फिरवले, पण बारा दिवस त्या तिथल्या सूर्याकडे संशयानंच पाहत होत्या. "दहा वाजले तरी हालंना," म्हणायच्या. "काहीतरी गडबड हाय."

त्यात जेवणाचे हाल. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, अंडं नाही, हे मी त्या हॉटेलवाल्याला तीन वेळा लिहून पाठवलं होतं. त्यानं मोठ्या प्रेमानं बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट समोर ठेवलं. किनाऱ्यावरच्या गावांत हॉटेलांच्या दारात आठ पायांचे मासे टांगलेले. ते दिसले की अर्धी बस पडदे ओढायची आणि उरलेली अर्धी फोटो काढायची.

तर सहावा दिवस. त्या दिवशी सगळ्यांनी हट्ट धरला, की समुद्रातून उगवता सूर्य बघायचा. मी सांगितलं, हा पश्चिम किनारा आहे, इथं तो मागच्या डोंगरातून येतो. कोण ऐकणार? पहाटे सहाला बस काढली. सूर्य डोंगरातून आला. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच त्याला चुकीच्या बाजूला उभा केला.

या सहाच्या बसला महत्त्व आहे म्हणून सांगते. तिकडच्या बसचालकाचे कामाचे तास कायद्यानं बांधलेले असतात. सकाळी चावी फिरवल्यापासून तेरा तासांनी त्यानं गाडी उभी करायची म्हणजे करायचीच. गाडीतल्या यंत्रात सगळी नोंद होते आणि दंड त्याच्या खिशातून जातो. आमचा चालक मनोलो हा देवमाणूस, पण घड्याळाच्या बाबतीत काकींचा सख्खा भाऊ. सहाला निघालो म्हणजे सातला गाडी बंद. त्यामुळे वाइनच्या बागेतून पाचला निघायचंच, हे मी माइकवरून चार वेळा सांगितलं.

ती बाग कार्मेन नावाच्या बाईंची. अण्णांच्याच वयाच्या, काळा झगा, पायात रबरी बूट. अंगणातच बाग सुरू होत होती. माणसाच्या डोक्याच्या वर द्राक्षाचा मांडव, आणि त्याला आधार दगडी खांबांचा. अण्णा बसमधून उतरले आणि खांबाला हात लावून उभेच राहिले.

"मांडव," ते म्हणाले. "आमच्या वडलांच्या वेळचा. आमी लोखंडी अँगल लावले, हितं दगूड हाय. बाकी तसंच."

बाईंनी मांडवाखाली लांब टेबल मांडलं होतं. पेले, पाव, चीज. वाइन चाखायची आणि थुंकायला बाजूला बादली. आमची स्थानिक वाटाडी मार्ता इंग्रजीत सांगत होती, मी मराठीत.

"थुकायची?" तात्या हादरले. "आवं ताई, त्यांना इचारा, काय खराब हाय का माल?"

"चव कळावी म्हणून थुंकतात, तात्या."

"चव कळल्यावर तर कोन थुकंल?"

अण्णा टेबलाला बसले नाहीत. ते मांडवाखाली एकटेच फिरत राहिले, मान वर करून. मला बरं वाटलं. म्हटलं, बाग बघताहेत, माझं अर्धं काम बागच करते आहे. दहा मिनिटांनी बघते तर अण्णांनी गांधी टोपी काढून उलटी धरलेली, आणि दुसऱ्या हातानं वेलाची पानं भराभर तोडून तीत टाकत होते.

परक्या देशात, परक्या बाईच्या बागेत!

"अण्णा! अहो काय करताय?"

"ताई, डाऊनी! रोग हाय ह्यो!" ते ओरडले. पान उलटं करून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. वरून तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी लव. "पाऊस पडून गेलाय न्हवं, आता चार दिसांत घडावर जाईल. हे काय पेले घिऊन बसल्यात?"

तोवर कार्मेनबाईंनी पाहिलं होतं. त्या दारातूनच मोठ्यानं काहीतरी बोलत आल्या. मार्ता मागून धावत. मी मनातल्या मनात माफीची इंग्रजी वाक्यं जुळवायला लागले. बाईंनी अण्णांच्या हातातलं पान हिसकावलं, उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेलं. मग वळून टेबलाशी गेल्या, थुंकायची बादली उचलली, आमच्या मंडळींनी तिला अजून हातही लावला नव्हता, आणि ती अण्णांच्या पायाशी आणून ठेवली.

"चला," तात्या म्हणाले, "बादलीचं काम झालं एकदाचं."

पुढचा दीड तास दोघं एकेक ओळ घेऊन पानं काढत होती. अण्णा मराठीत बोलत होते, बाई त्यांच्या भाषेत, आणि माझी कुणाला गरज नव्हती. मनोलो फाटकाशी उभा राहून मला घड्याळ दाखवत होता. पाच वाजले. सव्वापाच. मी हाका मारल्या. काकींना पुढे घातलं. काकी म्हणाल्या, "बागेत शिरल्यावर ते माझं चाळीस वर्षांत ऐकल्यालं न्हाईत, तुमचं काय ऐकत्यात?" बाकीचे बागायतदार पेले सोडून मदतीला गेले. मोजायला म्हणून गेले तर सव्वीसांतली एकोणीस मांडवाखाली.

साडेपाचला अण्णा आणि बाई खांबाशी दगडावर टेकले. अण्णांनी मला बोलावलं. प्रश्न विचारायचे होते. एकरी वेल किती, फवारण्या किती, कामाला कोण. मी मार्ताला विचारायची, मार्ता बाईंना, आणि उत्तर तसंच उलटं यायचं. सगळं सुरळीत. अण्णांचा चेहरा मोकळा होता. मी मनात संदेशला कळवायचा मजकूर तयार करत होते.

मग अण्णांनी विचारलं, "त्यांना इचारा ताई, तुमी एवढी पिढ्यान् पिढ्या ही दारू करताय. घरात ह्याच्यापायी कुणाचं काय वाटोळं झालं का?"

मी विचारलं. विचारायला नको होतं असं नाही. तो प्रश्न अण्णांचा होता आणि तो नेणं माझं काम होतं. कार्मेनबाई बोलल्या, सरळ, आवाज न बदलता. बोलताना एकदा त्यांनी मूठ मिटून अंगठा तोंडाकडे नेला. मार्तानं मला सांगितलं : "त्या म्हणतात, माझा नवरा यातच गेला. स्वतःच्याच पिंपातली पिऊन. तो गेला तेव्हा धाकटी लेक सहा वर्षांची होती."

अण्णा माझ्याकडे पाहत होते.

मी म्हटलं, "त्यांचे यजमान वारले म्हणतात. बरीच वर्षं झाली."

"आजारी हुते?"

"हो. आजारी होते."

एवढंच. दोन वाक्यं, आणि त्यांतलं एकही तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. बावीस वर्षांत मी यापेक्षा मोठे फेरफार केले आहेत. हॉटेलवाल्यांच्या शिव्या गाळल्या आहेत, आपल्या लोकांचे टोमणे गोड करून पोचवले आहेत. त्याला मी कौशल्य म्हणत आले. अण्णांनी मान हलवली, बाईंना दोन्ही हात जोडले आणि बसकडे चालायला लागले.

निघालो सहा वाजून दहा मिनिटांनी. हॉटेल दोन तासांवर. बरोबर सातला मनोलोनं महामार्गावरच्या एका पेट्रोलपंपावर बस घेतली, चावी काढली, खिशात टाकली आणि सीटवर मागे रेलून बसला. दुसरा चालक शहरातून यायला सव्वा तास लागणार होता.

"म्हंजे?" तात्या म्हणाले. "गाडी चांगली, रस्ता चांगला, ड्रायवर चांगला, आन् आपन हितंच?"

"कायदा आहे, तात्या."

"आमच्याकडं शिरवळच्या हॉटेलावर यष्टी थांबती, पर निदान वडा तरी मिळतो."

सव्वीस माणसं पेट्रोलपंपावर, लख्ख उन्हात, आणि प्रत्येकाचं मत एकच, की हे ताईंच्या नियोजनामुळे झालं. सूर्य बघायला पहाटे कुणी बाहेर काढलं, हे सगळे विसरले होते. मी मालकांना फोन केला, ते माझ्यावर ओरडले. हॉटेलला फोन केला, ते म्हणाले स्वयंपाकघर थांबणार नाही. काकींनी दशम्या आणि चटणीचा डबा काढला आणि गवतावर बसून सगळ्यांना वाढायला घेतलं. मला म्हणाल्या, "तुमीबी खावा. रागानं पोट भरत न्हाई."

मी दशमी घेऊन कडेच्या बाकावर बसले. अण्णा येऊन शेजारी बसले.

"ताई, एक बोलू का?"

"बोला ना."

"त्या बाईनं अंगठा असा तोंडाकडं नेल्याला मी बघितला. त्याला काय भाषा लागत न्हाई. आमच्याकडंबी तसाच नेत्यात."

मी हातातली दशमी मांडीवर ठेवली.

"तुमी बोलल्या, आजारी हुते."

"अण्णा, संदेशनं मला…"

"म्हाईत हाय. पोरगं निघताना तुमाला बाजूला घिऊन बोलत हुतं, तवाच कळलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी आज हो म्हणायच्या इचारात हुतो. खरं सांगतो. तिच्या मांडवाखाली हिंडताना वाटलं, रान ते रानच. रोग तोच, मेहनत तीच. आपन उगं हट्ट धरलाय. म्हणून तर तो प्रश्न इचारला. म्हटलं, एकदा ऐकून घिऊ, मग पोराला सांगू, लाव म्हणून."

"आणि तिनं सांगितलं ते मी सांगितलं असतं तर?"

"तिनं तर परक्या माणसाला तोंडावर सांगितलं. न लपवता. त्यात मला भ्यायसारखं काय न्हवतं. सोसून बसल्याली बाई हाय, बाग राखून हाय. मी म्हणलो असतो, हिला जमतंय तर आपल्याला सांभाळून करता यील." त्यांनी टोपी झटकली, तिला आतून पानांचा हिरवा डाग पडला होता. "पर आपली अजून एक काडी लागली न्हाई रानात, आन् त्याच्यापायी एक शिकली-सवरली बाई माझ्याशी खोटं बोलली. पुढं माल निघाल्यावर किती बोलाय लागंल? न्हाई ताई. आमच्यानं हुयाचं न्हाई."

मी म्हटलं, चूक माझी आहे, संदेशची नाही, बागेची तर नाहीच. माझ्यापायी त्याचं नुकसान करू नका. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दशमी खावा. वाळती." आणि उठून काकींकडे गेले.

दुसरा चालक दीड तासानं आला. मी माणसं मोजली. दोनदा चुकले.

परत आल्यावर चार दिवसांनी संदेश ऑफिसात आला. अण्णांनी त्याला एवढंच सांगितलं होतं : "जमायचं न्हाई." कारण सांगितलं नव्हतं. तो माझ्या समोरच्या खुर्चीत बसला, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, तिथं असं काय बघितलं त्यांनी?"

मी सगळं सांगितलं. अंगठा, आजारी होते, पेट्रोलपंप, सगळं. अण्णांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत. मधे एकदा थोडं गोड करून सांगावं असं जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मला वाटलं संदेश चिडेल. चिडायला हवं होतं. चार एकरांचं त्याचं दोन वर्षांचं जुळवलेलं काम माझ्या दोन वाक्यांत गेलं होतं.

"म्हणजे ते हो म्हणणार होते," तो म्हणाला.

"हो."

"मी तुम्हाला काही सांगितलंच नसतं, तर हो म्हणाले असते."

मी त्याचं हेल्मेट थोडं बाजूला सरकवलं.

"आता मी त्यांना काय सांगू?"

"मी ताईंना तसं करायला लावलं, असं सांग."

"ते त्यांना माहीत आहे."

"माहीत असलं तरी तू सांग. मग ते काय करायचं ते करतील. कदाचित काहीच करणार नाहीत."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला. पस्तीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही येता का सोबत? मी बोलायला लागलो की आमचं भांडणच होतं. तुम्ही नीट समजावून सांगाल त्यांना."

खरं सांगते, 'मी बघते' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी येणार नाही. तूच जा."

त्यानं मान हलवली आणि जिना उतरला. हेल्मेट टेबलावर तसंच. मी खिडकीत जाऊन हाक मारली, हेल्मेट उंच धरून दाखवलं, पण गाडी सुरू झालेली होती आणि तो तासगावच्या दिशेनं वळलासुद्धा.